ठेक्याचा धनी कोण? : ‘बेस रानी’, डीजे आणि नाममुद्रेचा प्रश्न

१

बुलढाणा जिल्ह्यातील धाड हे गाव वऱ्हाड आणि मराठवाडा ह्यांच्या शिवेवर, बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीच्या औरंगाबादकडे) जाणाऱ्या वाटेवर आहे. अलीकडे इंग्रजांच्या अमलातील वऱ्हाड आणि पलीकडे निजामाच्या राज्यातील भोकरदन, अशी ह्या परिसराची जुनी विभागणी होती. वऱ्हाडी, मराठवाडी आणि दखनी उर्दू ह्यांची सरमिसळ येथे कानाला नवी वाटत नाही. ह्या गावात आणि ह्यासारख्या शेकडो गावांत ‘डीजे’ हा शब्द ज्या अर्थाने रूढ झाला आहे, त्या अर्थापासून प्रस्तुत विवेचनाला आरंभ करणे सोयीचे आहे. एका संगीतसंग्रहाच्या परीक्षणासाठी हा आडमार्ग वाटेल. परंतु त्या संग्रहाविषयीचा मुख्य प्रश्न ह्या शब्दाच्या अर्थांतरातच दडलेला आहे.

इंग्रजीत ‘डिस्क जॉकी’ म्हणजे ध्वनिमुद्रिका निवडून, जोडून वाजवणारा माणूस. ते कर्तृवाचक नाम आहे. मराठीत मात्र डीजे ‘सांगितला’ जातो, ‘लावला’ जातो, ‘येतो’, ‘फुटतो’ आणि पोलिसांनी सांगितल्यावर ‘बंद होतो’. येथे डीजे म्हणजे मालमोटारीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, तिच्यामागचा जनरेटर आणि त्या भिंतीतून निघणारा आवाज. पश्चिम महाराष्ट्रात ह्याच वस्तूला ‘डॉल्बी’ म्हणतात. मुळात ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याचे तंत्र काढणाऱ्या कंपनीचे नाव आमच्याकडे गोंगाटाचे सामान्यनाम झाले, ही भाषेची गंमत आहे. ‘डीजे’च्या बाबतीत घडलेले अर्थांतर त्याहून गंभीर आहे. एका कर्तृवाचक नामाचे वस्तुवाचक नाम झाले. वाजवणारा गेला आणि वाजणारी वस्तू उरली.

रोलाँ बार्थ ह्यांनी १९६७ साली ‘लेखकाचा मृत्यू’ घोषित केला आणि पुढे दोन दशकांनी मराठी समीक्षेत त्या घोषणेची चर्चा सुरू झाली. पॅरिसमध्ये ज्यासाठी निबंध लिहावा लागला, ते आमच्या गावच्या व्याकरणाने गाजावाजा न करता करून टाकले, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. बार्थ ह्यांच्या विवेचनात ज्याचा मृत्यू होतो त्या लेखकाने त्यापूर्वी काही शतके सत्ता भोगलेली असते. ज्याला नाव कधी मिळालेच नाही त्याच्या बाबतीत मृत्यूची भाषा कशी वापरायची? कर्त्याचा मृत्यू आणि कर्त्याची अनुपस्थिती ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात ठेवूनच न्यूक्लिया ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतकाराच्या ‘बेस रानी’ (२०१५) ह्या संग्रहाकडे पाहावे, असे मला वाटते.

२

न्यूक्लिया म्हणजे उद्यान सागर. अहमदाबादेत वाढलेल्या ह्या संगीतकाराने ‘बंदिश प्रोजेक्ट’ ह्या गटातून कामाला सुरुवात केली आणि २०१३ साली ‘कूचा मॉन्स्टर’ हा संग्रह काढला. शीर्षकातील ‘कूचा’ म्हणजे गल्ली. त्यानंतरचा ‘बेस रानी’ हा संग्रह २७ सप्टेंबर २०१५ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, मुंबईतील गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रकाशित झाला आणि श्रोत्यांना विनामूल्य उतरवून घेता आला. प्रकाशनाची ही जागा आणि ही तिथी ह्या संग्रहाच्या अर्थाचा भाग आहेत. उच्चभ्रू क्लबात वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताने त्या दिवशी आपण मिरवणुकीचे आहोत, असा दावा केला.

संग्रहातील सामग्री नाना ठिकाणांची आहे. ‘लौंग गवाचा’ हे पंजाबी लोकगीत, जे पूर्वी मुसर्रत नझीर ह्यांच्या आवाजात घरोघर पोहोचले होते, येथे अवनीत खुरमी ह्यांच्या आवाजात येते. ‘चेन्नई बेस’मध्ये तमिळ लोकगायिका चिन्नपोन्नु आहेत, ‘जंगल राजा’त अंधेरीच्या वस्तीतून आलेला रॅपकार डिव्हाइन आहे, ‘हीर’ श्रुती पाठक ह्यांनी गायिले आहे, आणि ‘भयानक आत्मा’ ह्या रचनेत गगन मुदगल ह्यांचा आवाज जुन्या हिंदी भयपटांच्या थाटाचे विडंबन करतो. ह्या सर्वांखाली खर्जाचा एक जाड, थरथरता थर आहे. शीर्षकातील ‘बेस’ तो हाच. मराठी कानाला मात्र ‘बेस’ म्हणताच ‘बेस झालं’ मधला पसंतीचा ‘बेस’ आधी आठवतो. हा योगायोग संगीतकाराच्या मनात नसणार, पण श्रोत्याच्या मनात तो असतो आणि तो वायाही जात नाही.

ह्या संगीताची मूळ कृती म्हणजे ‘सॅम्पल’. आधी मुद्रित झालेल्या ध्वनीचा तुकडा कापायचा, त्याची गती किंवा पट्टी बदलायची, त्याची पुनरावृत्ती करायची आणि त्याला नव्या ठेक्यावर बसवायचे. ह्या कृतीचा पूर्वेतिहास रस्त्यावरचाच आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात फिरत्या ध्वनिक्षेपक-संचांभोवती नाचणारी वस्ती, त्या संचांसाठी गाण्यातले गायन काढून टाकून केवळ खर्ज आणि ताल उरवणारे तंत्रज्ञ, आणि १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ध्वनिमुद्रिकेतील नाचण्याजोगा एवढाच तुकडा पुन:पुन्हा वाजवणारा, जमैकातून आलेला तरुण कूल हर्क, अशी ही परंपरा सांगितली जाते. तिचे कलासंगीताच्या दिशेने झालेले परिष्करण म्हणजे डीजे शॅडो ह्याचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ (१९९६) किंवा ॲव्हलांचेस ह्या ऑस्ट्रेलियन गटाचा ‘सिन्स आय लेफ्ट यू’ (२०००) ह्यांसारखे, इतरांच्या मुद्रिकांच्या तुकड्यांतूनच रचलेले संग्रह. धाडच्या रस्त्यावरील ट्रॉली आणि किंग्स्टनमधील फिरता संच ह्यांच्यात अनुकरणाचे नाते दाखवता येणार नाही. तरी गरज एकच होती. स्वत:चा वाद्यवृंद परवडत नाही अशा वस्तीने यंत्राच्या साहाय्याने आपला उत्सव उभा केला.

येथे एक सूक्ष्म भेद करणे आवश्यक आहे. काटेकोर अर्थाने पाहता ‘बेस रानी’तील गायन बहुतांशी उसने तुकडे नव्हेत. गायक निमंत्रित आहेत आणि त्यांची नावे शीर्षकांना जोडून येतात. उसनवारी आहे ती वेगळ्या पातळीवर. मिरवणुकीतील ढोल-ताशाची, बँडमधील पितळी वाद्यांची, वस्तीवरच्या वरातीची आठवण जागवणारे जे ठेके आणि जे ध्वनिरंग ह्या संग्रहाला त्याची ओळख देतात, त्यांच्यापुढे कोणाचे नाव नाही. आवाजाला नाव आहे. ठेका निनावी आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही विषमता आहे.

हिची तुलना मुंबईतच घडलेल्या एका आधीच्या प्रयोगाशी करता येते. चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक ध्वनिमुद्रिका केली. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे राग, आणि हाताशी त्या वेळी नवी असलेली रोलँड कंपनीची ठेक्याची, खर्जाची व स्वरांची यंत्रे. मुद्रिका तेव्हा फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. २०१० साली ती हॉलंडमधून पुन्हा प्रकाशित झाली. शिकागोत काही वर्षांनी जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’ संगीताची ही पूर्वसूचनाच होय, असे तेव्हा जगभर बोलले गेले. चरणजित सिंग २०१५ साली, म्हणजे ‘बेस रानी’च्याच वर्षी, निवर्तले. त्यांच्या मुद्रिकेत राग हा घरचा आणि ठेका हा परका होता. रागाला नाव होते, ठेक्याला केवळ ‘डिस्को’ हे जातिवाचक नाम होते. न्यूक्लियाच्या संग्रहात ही मांडणी उलटते. ठेका घरचा, गल्लीतला आहे, आणि यंत्राने घडवलेला खर्ज परका. पण दोन्ही ठिकाणी ठेका मात्र कोणाच्याच मालकीचा नाही.

३

कर्तृत्वाचा प्रश्न मराठीला नवा नाही. आमच्या परंपरेने तो फार पूर्वी आणि फार बारकाईने हाताळला आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा घ्या. ती रचनाकाराची सही असते; पण आधुनिक अर्थाने मालकीची खूण नसते. एकाच नाममुद्रेखाली एकाहून अधिक कवींच्या रचना एकत्र होतात, गाथ्यांतून त्या वेगळ्या करताना संपादकांची दमछाक होते, नामदेव आणि विष्णुदास नामा ह्यांचा निवाडा दीर्घकाळ करावा लागतो. नंतरचा कवी आधीच्याची मुद्रा धारण करतो तेव्हा तो चोरी करीत नसतो. तो एका वाणीत सामील होत असतो. नाममुद्रा म्हणजे दार. त्यातून पुढच्यालाही आत येता येते.

परंतु ह्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्या पाठात पुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ज्या परंपरेने वाणीत सामील होण्याचे दार उघडे ठेवले, तिनेच एका ग्रंथापुरते ते लावूनही घेतले. ह्यात विसंगती नाही. कोणती संहिता खुली आणि कोणती बंद, हे ठरवण्याचा विवेक परंपरेजवळ होता, एवढाच ह्याचा अर्थ. ‘लोकपरंपरेत सर्व काही सर्वांचे असते’ हे आज पुष्कळदा ऐकू येणारे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे.

आता मिरवणुकीच्या संगीताकडे पाहू. गावोगाव मेमरी कार्डांवरून आणि भ्रमणध्वनींवरून फिरणारी जी रीमिक्स गाणी असतात, त्यांत दर थोड्या वेळाने एक ध्वनिमुद्रित आवाज त्या डीजेचे नाव घोषित करतो. गाणे चित्रपटाचे, भीमगीत, देवीचे किंवा कोळीगीत असू शकते. त्यावरचा ठेका तिसरीकडून आणलेला असतो. आणि ह्या सर्वांवर एक नाव ठासून उमटवलेले असते. ही आजची नाममुद्रा आहे. तिचे स्थान मात्र बदलले आहे. अभंगात ती शेवटी येते, रचना पूर्ण झाल्यावर, आणि तीत बहुधा नम्रता असते. येथे ती मध्येच, कडव्याच्या ऐन भरात, पुन:पुन्हा येते. कारण तिचे काम वेगळे आहे: दुसऱ्या डीजेने हाच तुकडा उचलून आपला म्हणू नये. स्वत: उसनवारीवर उभा असलेला कारागीर आपल्या उसनवारीचे रक्षण करतो. ह्याला हसणे सोपे आहे. परंतु ज्याला कोणत्याही श्रेयनामावलीत जागा नाही, त्याने आपले नाव थेट ध्वनीत कोरावे, ह्यात एक करुण तर्कशुद्धता आहे.

न्यूक्लियाला असे कोरण्याची गरज पडत नाही. त्याचे नाव मुखपृष्ठावर आहे, जाहिरातीत आहे, तिकिटावर आहे. गावाच्या बोलीत वस्तू झालेला ‘डीजे’ त्याच्या रूपाने पुन्हा माणूस झाला. परंतु तो माणूस त्या ट्रॉलीवरचा नव्हे. संग्रहाच्या यशात जी एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे, ती ही.

४

कर्तृत्वाचा हा प्रश्न रचनेबाहेरचा, समाजशास्त्राचा आहे आणि समीक्षेने रचनेपुरते पाहावे, असा आक्षेप घेतला जाईल. म्हणून रचनेकडे वळू. उसन्या सामग्रीचे सौंदर्यशास्त्र तपासण्यासाठी बा. सी. मर्ढेकरांचा लयविचार आजही उपयोगी पडतो. सौंदर्यकृतीतील घटकांची संघटना संवाद, विरोध आणि समतोल ह्या तीन तत्त्वांनी होते, असे त्यांचे प्रतिपादन. मर्ढेकरांनी स्वत: कवितेत जे केले तेही येथे स्मरणीय आहे. ओवी-अभंगाचे संतपरंपरेतील वळण त्यांनी यंत्रयुगाच्या, गिरणीच्या आणि लोकलगाडीच्या अनुभवाला लावले. जुन्या छंदाचा तुकडा नव्या आशयावर बसवताना त्यांनी दोहोंतील विरोध मिटवला नाही. तो ऐकू यावा अशी योजना केली. भक्तीचा छंद आणि भक्तीला जागा न उरलेले जग ह्यांच्या घर्षणातून त्या कवितेचा अर्थ निर्माण होतो. पुढे नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) अनेक बोली आणि शब्दांचे अनेक बाजार असेच एकमेकांवर आदळतात. उसनवारीची कसोटी ह्या उदाहरणांतून हाती येते: उसना घेतलेला घटक नव्या रचनेत आपले म्हणणे मांडत राहतो का, की केवळ अलंकार होतो?

ह्या कसोटीवर ‘बेस रानी’ एकसारखा उतरत नाही. ‘चेन्नई बेस’ ही संग्रहातील सर्वांत समर्थ रचना होय, कारण चिन्नपोन्नु ह्यांचा उघडा, खणखणीत, किंचित फाटका गळा खर्जाच्या भिंतीपुढे नमत नाही. तमिळ शब्द आम्हांला समजत नाहीत, तरी हा आवाज कोणाला तरी उद्देशून आहे, हे समजते. यंत्र त्याला कापते, पुन्हा वाजवते, थांबवते. आणि प्रत्येक वेळी तो जणू पुन्हा भांडायला उभा राहतो. येथे विरोधलय आहे आणि तिच्यातूनच समतोल साधला आहे. ‘जंगल राजा’तही शब्दांची वस्ती आणि ठेक्याची वस्ती एकच असल्याने आवाज आगंतुक राहत नाही.

उलट ‘हीर’मध्ये संवादलय इतकी सुलभ आहे की काही घडतच नाही. हीर हे नाव उच्चारताच पंजाबच्या प्रेमकथेची सारी वेदना सोबत येते. वारिस शाह ह्यांच्या अठराव्या शतकातील काव्याने त्या नावाला ते वजन दिले आहे. ही रचना ते वजन आपले म्हणून वापरते. त्यात स्वत:ची भर घालत नाही. गोड गळा, मऊ स्वरसंगती आणि नेमक्या ठिकाणी कोसळणारा खर्ज ह्यांत हीर केवळ एक सुगंध म्हणून उरते. ‘भयानक आत्मा’ विडंबन असल्याने ह्या दोषातून सुटते. विडंबनात मूळ वस्तूचे भान ठेवावेच लागते, आणि ते भान ही एक प्रकारची कृतज्ञताच असते.

आणखी एक मुद्दा आवर्तनाचा. आमच्या तालपद्धतीतही पुनरावृत्ती आहे. पण समेवर परत येणारा तबलजी दर वेळी थोडा वेगळा होऊन येतो. यंत्रातील आवर्तन तेच ते राहते. ह्यावरून यंत्रसंगीत निर्जीव असते असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. तो घाईचा आहे. रस्त्यावर यंत्राचे आवर्तन न बदलता चालू राहते तेव्हा बदलण्याची जबाबदारी नाचणाऱ्यांवर येते. ट्रॉलीपुढे तोच ठेका दहा मिनिटे चालतो आणि त्या दहा मिनिटांत पावले, हातवारे, रांगा, रिंगणे सारखी बदलत असतात. कृती पूर्ण होते ती शरीरांत. म्हणूनच हे संगीत खोलीत बसून ऐकणारा समीक्षक अर्धीच संहिता वाचीत असतो. सौंदर्यानुभवासाठी आवश्यक मानले गेलेले ताटस्थ्यही येथे टिकत नाही, कारण खर्ज कानाने ऐकण्याआधी छातीत जाणवतो. हे ह्या संगीताचे सामर्थ्य आहे. शेजारच्या घरातील आजाऱ्याच्या आणि तान्ह्या मुलाच्या दृष्टीने हाच त्याचा अत्याचारही आहे.

५

आता मूळ प्रश्न. ठेका निनावी का?

‘लोकसंगीत निनावीच असते’ हे उत्तर पुरेसे नाही. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनी ‘गावगाड्या’त (१९१५) ज्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन केले, तीत कामे जातींना बांधलेली होती, आणि वाजवणे हे त्यांतले एक काम होते. डफ, हलगी, सनई वाजवणारे हात ठरावीक जातींचे. लग्न त्यांच्यावाचून लागत नसे आणि मांडवात त्यांना जागा नसे. अशा वाजवण्याला कला न म्हणता हक्क किंवा चाकरी म्हटले गेले. आणि चाकरीला सही नसते. ठेका निनावी राहिला, कारण तो वाजवणाऱ्याला नाव देण्याची समाजाची तयारी नव्हती. लोकसंगीताच्या ‘निनावीपणा’त किती सहजता आणि किती सक्ती होती, हे आमच्या समीक्षेने क्वचितच विचारले. १९८०च्या दशकात भालचंद्र नेमाडे ह्यांच्या देशीवादाने मातीतल्या परंपरेकडे आमचे लक्ष वेधले, हे मोठेच काम झाले. पण त्या मातीत कोणाला उभे राहण्यास जागा होती, हा प्रश्न दलित साहित्यालाच विचारावा लागला. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने गावकीची अपमानास्पद कामे सोडण्याचा आग्रह धरला, तेव्हा अनेकांच्या दृष्टीने वाजवणे सोडणे हा स्वाभिमानाचा भाग होता. त्याच चळवळीने पुढे जलशांतून आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवींच्या गीतांतून स्वत:चे, नाव असलेले संगीत उभे केले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

ह्या पार्श्वभूमीवर यंत्राचे आगमन दुहेरी अर्थाचे ठरते. ठेका यंत्रात गेला तेव्हा तो विशिष्ट जातीच्या शरीरापासून सुटला. आता मांडवाबाहेर कोणी उन्हात उभे राहण्याची गरज नाही. डीजे कोणत्याही जातीचा तरुण चालवतो, आणि आंबेडकर जयंती, उरूस, गणपती, वरात ह्या सर्व प्रसंगी तीच ट्रॉली येते. धाडच्याच तालुक्यात, पिंपळगाव सराई येथे, सैलानीबाबांच्या दर्ग्याची यात्रा होळीच्या सुमारास भरते आणि तिला सर्व धर्मांचे लोक लोटतात. अशा परिसरात ध्वनींची सरमिसळ ही कोणा संगीतकाराची कल्पकता नसून रोजचा व्यवहार आहे. हा मुक्तीचा भाग झाला. दुसरा भाग असा की ठेका सुटला आणि त्याबरोबर तो वाजवणाऱ्याची उपजीविकाही सुटली. अपमान गेला, त्याबरोबर बिदागीही गेली. आणि जो ठेका त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्पिढ्या घडवला तो आता कोणालाही, काही न देता, वापरता येतो.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. १९५७च्या भारतीय प्रतिमुद्राधिकार अधिनियमात, १९९४च्या दुरुस्तीनंतर, धार्मिक समारंभात संगीत वाजवणे हा अधिकारभंग नव्हे अशी तरतूद आहे, आणि धार्मिक समारंभात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी निगडित सामाजिक समारंभ येतात असे स्पष्टीकरण जोडलेले आहे. म्हणजे वरातीत कर्त्याचा हक्क कायद्यानेच बाजूला ठेवला आहे. त्याच वरातीला २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २०१८च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतील डीजे-डॉल्बीवरील बंदीला अंतरिम स्थगिती देण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. दोन्ही तरतुदींमागे सबळ कारणे आहेत आणि त्यांना विरोध करण्याचा येथे हेतू नाही. पण त्या शेजारी ठेवून वाचल्या तर एक चित्र दिसते: रस्त्यावरच्या संगीतात कायद्याला कर्ता दिसत नाही, केवळ आवाजाची पातळी दिसते. समीक्षेलाही आजवर त्याहून अधिक काही दिसलेले नाही. वृत्तपत्रांतून डीजेविषयी जे लिहिले जाते त्यात उपद्रवाची नोंद असते, रचनेची नसते.

६

ह्या विषयावर दोन भूमिका सहज घेता येतात. पहिली खेदाची: डीजेने पारंपरिक वाद्ये मारली, संस्कृती बुडाली. ही भूमिका घेणारे, ती वाद्ये वाजवणाऱ्याला संस्कृतीने कोठे उभे केले होते, हे विसरतात. दुसरी उत्साहाची: सॅम्पल म्हणजे ध्वनीचे लोकशाहीकरण, येथे सर्व काही सर्वांचे. ही भूमिका घेणारे, ‘सर्वांचे’ म्हणून जे उचलले जाते ते नेहमी ज्यांना नाव नव्हते त्यांचेच असते, हे पाहत नाहीत. नाव असलेल्याचे उचलले तर न्यायालयात जावे लागते. १९९१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की ह्या रॅपकाराविरुद्ध दिलेल्या निकालापासून अमेरिकेत मुद्रिकेचा तुकडा परवानगीवाचून वापरणे जोखमीचे झाले. ठेक्याला असा संरक्षक नाही.

‘बेस रानी’ ह्या दोन भूमिकांच्या मध्ये उभा आहे, म्हणून तो महत्त्वाचा. त्याने निमंत्रित गायकांना नाव दिले. चेन्नईच्या रस्त्यावरचा गळा पाहुणा म्हणून न आणता प्रतिस्पर्धी म्हणून आणला. आणि मिरवणूक हे नव्या संगीताचे सन्माननीय प्रकाशनस्थळ होऊ शकते हे दाखवले. इतके त्याचे श्रेय निर्विवाद आहे. त्याचा संग्रह विनामूल्य असणे हेही त्या जगाच्या रीतीला धरून होते, कारण रस्त्यावरचे संगीत कोणी विकत घेत नाही. पण त्याच्या गल्लीला माणसे थोडी आहेत. ती एक ध्वनिदृश्य आहे, रंगीत आणि दणकेबाज. ज्या हातांनी ते ठेके घडवले त्यांच्यापर्यंत संग्रहाची श्रेयनामावली पोहोचत नाही, आणि रचनेतही त्या हातांचे स्वतंत्र म्हणणे एखाद-दुसऱ्या ठिकाणीच ऐकू येते. गळ्याच्या बाबतीत जी कसोटी ‘चेन्नई बेस’ने पार केली, तीच ठेक्याच्या बाबतीत पार करणारी रचना ह्या संग्रहात नाही.

ती कशी असेल, ह्याची कल्पना करता येते. तीत हलगीचा तुकडा खर्जाला सजवण्यासाठी येणार नाही. तो खर्जाला अडवील, त्याची चाल बदलायला भाग पाडील. आणि मुखपृष्ठावर गायकाच्या नावाशेजारी हलगी वाजवणाऱ्याचे नाव असेल. दुसरी गोष्ट शिष्टाचाराची वाटेल. पण नाममुद्रेची सात शतकांची परंपरा सांगणाऱ्या भाषेला हे समजायला अडचण पडू नये की नाव देणे हा रचनेचाच एक भाग असतो. तोवर समीक्षेने निदान आपले व्याकरण सुधारावे. ‘डीजे वाजला’ ह्या वाक्यात कर्ता दिसतो, पण तो वाजणारा आहे. वाजवणारा त्या वाक्याबाहेर, जनरेटरच्या मागे, अंधारात उभा आहे.